गच्चीवर लाइटनिंग अरेस्टर असूनही दर वळवाला कॅमेरे, राउटर आणि लिफ्टचं कार्ड जळतं: दोष कुठे शोधायचा

मे महिन्यात वळीव सुरू झाला की, आणि पुन्हा ऑक्टोबरात परतीच्या पावसात, गृहनिर्माण सोसायट्यांच्या सचिवांकडून जी तक्रार येते ती जवळजवळ शब्दशः सारखी असते. गच्चीवर अरेस्टर, म्हणजे वीज झेलणारा धातूचा दांडा आहे, तिथून धातूची पट्टी खाली आणली आहे, अर्थिंगचा खड्डाही आहे. तरी काल रात्री जोरात कडाडलं आणि सगळे कॅमेरे गेले. मागच्या वर्षी लिफ्टचं कार्ड गेलं होतं, त्याआधी दोन मजल्यांचे राउटर. दर वेळी ठेकेदार येतो, खड्ड्यात मीठ-कोळसा टाकतो, पाणी ओततो, बिल घेतो. पुढच्या वळवात पुन्हा तेच.

या तक्रारीत गच्चीवरचा दांडा बहुतेक वेळा निर्दोष असतो. त्याचं काम इमारत वाचवणं आहे: वीज पडलीच तर ती कठड्यावर, टाकीवर किंवा भिंतीत न घुसता पट्टीतून जमिनीत जावी, काँक्रीट फुटू नये, आग लागू नये, माणूस दगावू नये. टीव्ही आणि कॅमेरा वाचवणं हे त्याचं कामच नाही. ते काम दोन वेगळ्या गोष्टी करतात: इमारतीतली सगळी अर्थिंग एकमेकांना जोडलेली असणं, आणि बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक धातूच्या तारेवर सर्ज प्रोटेक्टर (क्षणभराची चढलेली लाट अर्थिंगकडे वळवणारं उपकरण) असणं. आपल्याकडे दांड्यावर खर्च होतो आणि या दोन्ही गोष्टी राहून जातात. काही ठिकाणी तर पहिली गोष्ट मुद्दाम टाळलेली असते.

आधी ठरवा: हे विजेमुळेच झालं का?

वादळी रात्री उपकरणं जळली म्हणजे वीज पडली असं सगळे धरून चालतात. पण त्याच रात्री वाऱ्याने तारा झुलतात, सैल जोड सुटतात, आणि रोहित्राजवळ किंवा मीटर रूममध्ये मुख्य न्यूट्रल तुटते. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल तुटली की ज्या फेजवर भार कमी, त्या फेजवरच्या घरांत २३० ऐवजी ३५०-४०० व्होल्टपर्यंत दाब चढतो आणि बाकीच्या घरांत उतरतो. याची खूण अशी: काही घरांत दिवे अचानक प्रखर झाले, पंखे वेगाने फिरू लागले, काही घरांत दिवे मंद झाले, आणि हे काही सेकंद किंवा काही मिनिटं चाललं. आकाशातल्या विजेचा धक्का डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. त्यात दिवा प्रखर होऊन तसाच राहत नाही.

शेजाऱ्यांना हे विचारल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. दोष न्यूट्रलचा असेल तर सर्ज प्रोटेक्टर उपयोगाचा नाही, उलट तोच आधी जळतो, कारण तो क्षणभराच्या लाटेसाठी बनवलेला असतो, सतत चढलेल्या दाबासाठी नाही. तिथे न्यूट्रलचे जोड पक्के करून घेणं आणि दाब चढताच पुरवठा तोडणारा रिले बसवणं हाच उपाय. आणि तसं होताना दिसलं तर आधी मेन स्विच बंद करा, मग फोन करा.

जळालेल्या वस्तू काय सांगतात

भंगारात टाकायच्या आधी जळालेल्या वस्तू एका टेबलावर मांडा. वीज कुठून आत आली आणि कुठून बाहेर गेली ते त्या सांगतात. या कामाला अर्धा तास लागतो आणि त्यावर पुढचा सगळा तपास अवलंबून आहे, म्हणून इथे घाई नको.

राउटर चालू होतो पण नेटवर्कचं एखादं पोर्ट मेलेलं आहे, टीव्हीला चित्र येतं पण एचडीएमआयचं पोर्ट गेलं आहे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी) ठीक आहे पण त्याचे दोन-तीन चॅनेल काळे: असं असेल तर धक्का डेटाच्या किंवा केबलच्या तारेतून आला. वीजपुरवठ्याच्या बाजूला कितीही चांगली उपकरणं लावली तरी असं नुकसान थांबत नाही.

अ‍ॅडॉप्टर, चार्जर, एलईडी दिवे, वॉशिंग मशीनचं पॉवर कार्ड असं बरंच काही एकदम गेलं आणि मीटर रूमच्या आसपासही जळाल्याच्या खुणा असतील, तर लाट पुरवठ्याच्या तारांवरून आली. गावठाणात किंवा शहराच्या कडेला जिथे वरून खांबांच्या तारा येतात तिथे हे जास्त होतं.

फक्त बोअरवेलचा स्टार्टर किंवा पाण्यातली मोटार गेली तर बोअरवेलकडे बघा. केसिंग पाइप जमिनीत खोलवर गेलेला असतो, म्हणजे तो स्वतःच एक उत्तम अर्थिंग असतो, पण इमारतीच्या अर्थिंगशी त्याचा काही संबंध नसतो. मोटारीची केबल या दोघांमधला पूल बनते आणि जळते. लिफ्टचं कार्ड किंवा सौर इन्व्हर्टर गेला तर तपास गच्चीवरून सुरू करा.

आणि कठड्याचा कोपरा उडाला आहे, टाकीच्या काँक्रीटचा कपचा निघाला आहे, गिलावा फुटला आहे, तर वीज दांड्यावर न पडता इमारतीवर पडली. तेवढ्याच प्रकारात दांड्याला दोष द्यायला जागा आहे.

पुरवठ्याच्या तारांवरून आलेली लाट सोडली, तर बाकीच्यांत एक लक्षण समान आढळतं. जळालेल्या बहुतेक वस्तूंना दोन तारा असतात: एक वीजपुरवठ्याची आणि दुसरी डेटाची, केबलची किंवा सेन्सरची. एकच तार असलेला साधा मिक्सर किंवा इस्त्री क्वचितच जाते. याचं कारण पुढे येतं.

खरा दोष: वेगवेगळी अर्थिंग

साधारण विजेच्या पहिल्या झोताचा प्रवाह ३० किलोअँपिअरच्या आसपास असतो. इमारतीच्या अर्थिंगचा रोध १० ओहम धरा. विजेपासून संरक्षणाच्या मानकाने सुचवलेली मर्यादा तीच आहे. आता गुणाकार करा: ३०,००० गुणिले १० म्हणजे ३ लाख व्होल्ट. म्हणजे वीज अगदी शिस्तीत दांड्यावर पडली, पट्टीतून खाली आली, खड्ड्यात गेली, तरी त्या क्षणी तो खड्डा आणि त्याला जोडलेलं सगळं दूरच्या जमिनीच्या मानाने लाखो व्होल्टवर चढतं. अर्थिंग १ ओहमवर आणलंत तरी ३० हजार व्होल्ट उरतातच. अर्थिंग म्हणजे कायम शून्य व्होल्ट, ही समजूत विजेच्या बाबतीत लागू पडत नाही.

इमारतीतलं सगळंच एकत्र वर गेलं तर काही बिघडत नाही. तारेवर बसलेल्या पक्ष्याला धक्का बसत नाही, तसंच हे. नुकसान होतं ते दोन ठिकाणं वेगवेगळ्या दाबावर गेली की, आणि त्या दोघांच्या मध्ये तुमचा राउटर असला की.

आता आपल्या इमारतीत काय असतं ते पाहा. अरेस्टरचा एक खड्डा. मीटर रूमचा दुसरा. लिफ्टवाल्यांनी सांगितलं म्हणून तिसरा. सीसीटीव्ही किंवा सर्व्हरसाठी "स्वच्छ अर्थिंग" म्हणून चौथा. सौर पॅनेलवाल्यांनी आपले दोन-तीन वेगळे केलेले. आणि हे सगळे एकमेकांपासून कटाक्षाने वेगळे ठेवलेले, कारण अरेस्टरचं अर्थिंग घरातल्या अर्थिंगला जोडलं तर वीज घरात येईल ही भीती. ही भीती मी अनुभवी वायरमनकडूनही ऐकतो आणि समजूही शकतो, पण ती नेमकी उलटी आहे. वीज पडते तेव्हा अरेस्टरचा खड्डा ३ लाखांवर, सर्व्हरचा खड्डा जवळपास शून्यावर, आणि मधली पायवाट म्हणजे दोन्हीकडे जोडलेलं उपकरण. म्हणून दोन तारा असलेल्या वस्तू जळतात.

विजेपासून संरक्षणाचं भारतीय मानक आता आयएस/आयईसी ६२३०५ आहे, चार भागांचं. त्याआधी १९८९ चं आयएस २३०९ वापरलं जायचं. आत येणारं सगळं एका समान दाबाच्या पट्टीला जोडा, हा ६२३०५ चा गाभा आहे. मीटर रूमजवळ तांब्याची किंवा जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) एक मुख्य अर्थिंग पट्टी भिंतीवर बसवायची. तिला अरेस्टरचं अर्थिंग, वीजपुरवठ्याचं, लिफ्टचं, सौर पॅनेलचं, बोअरवेलच्या केसिंगचं, पाण्याच्या लोखंडी पाइपचं, जनरेटरचं, सगळं जोडायचं. खड्डे जितके आहेत तितके राहू द्या, बुजवू नका. फक्त त्यांना जमिनीखालून जीआय पट्टीने एकमेकांत गुंफा. पाइप गॅसची धातूची नळी असेल तर ती कशी जोडायची हे गॅस कंपनीकडून लेखी घ्या, तिथे स्वतःच्या मनाने काही करू नका.

दहापैकी कोणतं काम आधी करू असं कोणी विचारलं तर मी हेच सांगतो. यात महागडं यंत्र काही नाही, पट्टी आणि वेल्डिंग आहे.

गच्चीवरून खाली चालत या

हे काम कोरड्या, निरभ्र दिवशी करा. ढग गडगडत असताना "बघू तरी काय होतंय" म्हणून गच्चीवर जाणं जिवावरचं आहे. ११ जुलै २०२१ ला जयपूरजवळ आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर वीज पडून किमान ११ जण गेले. पावसाची मजा घेत फोटो काढायला चढलेली माणसं होती ती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते फोनवर ठेवा आणि सूचना आली की काम थांबवा.

वर गेल्यावर आधी दांडा सगळ्यात उंच आहे का ते पाहा. इमारत झाली तेव्हा असतो. नंतर टाकी वाढते, सौर पॅनेलचा उंच सांगाडा येतो, मोबाइलचा खांब येतो, आणि दांडा बुटका होऊन बसतो. किती क्षेत्र झाकलं जातं याचा अंदाज मानक एका काल्पनिक गोळ्यावरून करतं: मानकातल्या संरक्षणाच्या चार स्तरांपैकी निवासी इमारतीला साधारण लागू पडणाऱ्या तिसऱ्या स्तरासाठी ४५ मीटर त्रिज्येचा गोळा इमारतीवरून फिरवायचा, तो जिथे टेकेल तिथे वीज पडू शकते. या हिशेबाने सपाट गच्चीवर उभा केलेला ३ मीटरचा दांडा गच्चीच्या पातळीवर १६ मीटरपर्यंत झाकतो. पण २ मीटर उंचीच्या सौर सांगाड्याला तो झाकतो फक्त ३ मीटरच्या आत, त्यापलीकडे नाही. तोच दांडा ३ मीटर उंच टाकीवर बसवला, म्हणजे टोक गच्चीपासून ६ मीटरवर गेलं, तर सांगाड्याच्या उंचीवर सुमारे ९ मीटर मिळतात. तरी ३० मीटर लांबीच्या गच्चीला एक दांडा पुरत नाही. कठड्यावरून चारही बाजूंनी पट्टी फिरवणं आणि गच्चीवर १५ मीटरच्या आत आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी करणं हे जुनं काम आजही सगळ्यात खात्रीचं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाजारात एकाच दांड्याने १०७ मीटर त्रिज्या झाकण्याचा दावा करणारे विशेष अरेस्टर विकले जातात. पूर्ण सोसायटीला एकच पुरे असं सांगितलं जातं. त्यांना फ्रान्सचं एनएफ सी १७-१०२ हे मानक आहे, पण आयएस/आयईसी ६२३०५ मध्ये अशा वाढीव त्रिज्येला जागा नाही. तिथे कुठलाही दांडा साध्या दांड्याइतकाच मोजला जातो. असा अरेस्टर आधीच बसवलेला असेल तर काढायची गरज नाही. त्याला साधा दांडा समजा आणि उरलेल्या गच्चीची सोय करा. किरणोत्सारी पदार्थ असलेले जुने अरेस्टर मात्र मानकाला मान्यच नाहीत. जुन्या इमारतीवर तसा सापडला तर हात न लावता जाणकार यंत्रणेला कळवा.

मग पट्टीवर नजर ठेवून खाली उतरा. सगळ्यात जास्त सापडणारा दोष इतका साधा आहे की त्याकडे कुणाचं लक्षच जात नाही: केबलवाल्यांनी, इंटरनेटवाल्यांनी, सीसीटीव्हीवाल्यांनी आपल्या तारा त्याच पट्टीला टायने बांधून खाली आणलेल्या असतात. भिंतीवर खिळे ठोकायला नकोत, आयती सरळ पट्टी मिळाली. वीज पट्टीतून जाताना त्या तारांत उडी मारते आणि थेट घरात शिरते.

किती अंतर ठेवायचं याचा हिशेब आहे. २० मीटर उंच इमारत, तिसरा स्तर आणि खाली येणारी एकच पट्टी असेल, तर गच्चीच्या पातळीवर हवेतून ८० सेंटिमीटर अंतर लागतं. मध्ये विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर १ मीटर ६० सेंटिमीटर. म्हणजे पट्टीच्या पलीकडे भिंतीच्या आत जे बोर्ड आणि तारा आहेत, त्यासुद्धा यात येतात. हेच काम तीन किंवा जास्त पट्ट्यांनी केलं तर प्रवाह वाटला जातो आणि हवेतलं अंतर ३५ सेंटिमीटरवर येतं. म्हणून एकच जाड तांब्याची पट्टी लावण्यापेक्षा चार कोपऱ्यांना चार साध्या जीआय पट्ट्या लावणं केव्हाही सरस. मानक तिसऱ्या स्तरासाठी इमारतीच्या घेराला सुमारे दर १५ मीटरला एक पट्टी सांगतं. आणि तांब्याची पट्टी चोरीला जाते. तळमजल्याच्या उंचीची दोन मीटर पट्टी गायब आणि वरची तशीच लोंबतेय, अशा इमारती प्रत्येक शहरात आहेत.

जोड तपासताना हाताने हलवून बघा. तांबं आणि जीआय किंवा अ‍ॅल्युमिनियम थेट एकमेकांवर बोल्टने कसलेलं असेल तर पावसाच्या पाण्याने तो जोड आतून खाल्ला जातो. मध्ये द्विधातूचा वॉशर लागतो. पट्टीला यू आकाराचा वळसा दिला असेल, विशेषतः कठड्यावरून चढवून पुन्हा खाली, तर वीज तो वळसा न घेता मधल्या मधे उडी मारू शकते. वळणं मोठी आणि सैल ठेवा. रंगकाम झाल्यावर तर जोड तपासाच, कारण रंगारी अडचण होते म्हणून चाचणीची कडी (मोजणीसाठी पट्टी खड्ड्यापासून सोडता यावी म्हणून ठेवलेला जोड) सोडतात आणि ती तशीच राहते.

खड्डा आणि त्याची मोजणी

मीठ-कोळशाबद्दल माझं मत ठाम आहे: मीठ टाकल्याने त्या दिवशी मीटरवर आकडा कमी दिसतो आणि काही पावसाळ्यांत जीआयचा पाइप गंजून संपतो. बेंटोनाइटसारखी माती वापरा, किंवा नवीन काम असेल तर इमारतीभोवती भिंतीपासून सुमारे १ मीटरवर आणि किमान अर्धा मीटर खोल जमिनीत पट्टीचं कडं फिरवा. कोकणात आणि गोव्यात जांभा, दख्खनच्या पठारावर वरच्या थराखाली काळा पाषाण. दोन्हीकडे एकटा खड्डा क्वचितच चांगला आकडा देतो, तिथे कडंच कामाला येतं. काळ्या कसदार जमिनीत आकडा चांगला येतो, पण उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून, म्हणजे पुरलेल्या पाइपपासून किंवा पट्टीपासून, सुटते.

म्हणून मोजणी मे महिन्यातच करा, पहिल्या वळवाच्या आधी. ऑगस्टमध्ये घेतलेला २ ओहमचा अहवाल वळवाच्या रात्री काहीच सांगत नाही. मोजताना त्या खड्ड्याची चाचणीची कडी उघडायला सांगा, नाहीतर मीटर सगळ्या खड्ड्यांचा एकत्रित आकडा दाखवतो. क्लॅम्प मीटरने मोजणाऱ्याला हेही लक्षात आणून द्या की कडी उघडल्यावर क्लॅम्पला बंद मार्ग मिळत नाही, तिथे दोन खुंट्या ठोकून मोजण्याची जुनी पद्धतच लागते. १० ओहमच्या आत आकडा आला तर तो आणखी खाली आणण्यावर पैसे घालू नका. ते सर्ज प्रोटेक्टरवर घाला.

सर्ज प्रोटेक्टर: कुठे, कोणता, आणि किती लांब तारेने

एमसीबी, आरसीसीबी (गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि स्टॅबिलायझर यांपैकी काहीही विजेच्या लाटेला अडवत नाही. एमसीबी उडायला काही मिलिसेकंद लागतात, लाट मायक्रोसेकंदांत येऊन गेलेली असते.

दांडा असलेल्या किंवा वरून तारा येणाऱ्या इमारतीच्या मुख्य पॅनेलवर टाइप १, म्हणजे थेट विजेचा प्रवाह झेलणारा प्रोटेक्टर (किंवा टाइप १ आणि २ एकत्र) हवा. क्षमता कशी ठरते ते समजून घ्या म्हणजे विक्रेत्याशी बोलता येतं. तिसऱ्या आणि चौथ्या स्तरासाठी मानक १०० किलोअँपिअरची वीज धरतं. त्यातली निम्मी जमिनीत जाते, निम्मी बाहेरून येणाऱ्या तारांवर वाटली जाते असं गृहीत असतं. तीन फेज आणि एक न्यूट्रल, म्हणजे ५० भागिले ४: प्रत्येक तारेला १२.५ किलोअँपिअर, तेही १०/३५० च्या, म्हणजे १० मायक्रोसेकंदांत चढून ३५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येणाऱ्या लाटेसाठी. कुणी ८/२० चा ४० किलोअँपिअरचा आकडा दाखवून हा त्याहून मोठा आहे म्हणालं तर मानू नका. दोन्ही लाटा वेगळ्या आहेत. १०/३५० ची लाट कितीतरी जास्त वेळ टिकते आणि तिच्यातली ऊर्जाही कितीतरी जास्त असते. फ्लॅटच्या डीबीत, म्हणजे एमसीबीच्या पेटीत, उरलेल्या लाटेसाठी टाइप २ पुरतो.

चांगला प्रोटेक्टर लावूनही उपकरणं जळत असतील तर मी सगळ्यात आधी त्याच्या तारा मोजतो. प्रोटेक्टरला जाणारी आणि तिथून अर्थिंग पट्टीला जाणारी तार मिळून अर्ध्या मीटरच्या आत हवी. एक मीटर तारेत साधारण एक मायक्रोहेन्री प्रेरकत्व (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) असतं. मायक्रोसेकंदाला फक्त एक किलोअँपिअर प्रवाह वाढला तरी त्या एका मीटरवर हजार व्होल्ट उभे राहतात आणि ते प्रोटेक्टरच्या व्होल्टमध्ये मिळवून तुमच्या टीव्हीला मिळतात. पॅनेलमध्ये नीटनेटकं दिसावं म्हणून दीड-दोन मीटर तार गोल गुंडाळून ठेवलेली मी पाहतो, आणि तिथेच उत्तर सापडतं. पॅनेलमध्येच एक छोटी अर्थिंग पट्टी बसवून तार आखूड करा.

प्रोटेक्टरच्या खिडकीत हिरवं आहे की लाल हे सुरक्षारक्षकाला दाखवून ठेवा. लाल म्हणजे तो कामी आला आणि आता संपला. पुढच्या वेळी तो काही वाचवणार नाही. घरात वापरायच्या सर्जवाल्या एक्स्टेन्शन बोर्डबद्दल एवढंच: भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला खरं अर्थिंग नसेल तर त्याचा अर्धा उपयोग गेला. जुन्या वाड्यांत ती पिन बहुधा नावापुरती असते. आणि प्रोटेक्टरपासून उपकरण १० मीटरपेक्षा लांब असेल तर उपकरणाजवळ आणखी एक लागतो.

डेटाच्या तारा, बोअरवेल, सौर पॅनेल

सीसीटीव्हीचं नुकसान वीज इमारतीवर न पडताही होतं. फाटकाजवळच्या खांबावरचा कॅमेरा, तिथून ६० मीटर लांब नेटवर्कची तार, आणि दुसरीकडून येणारी वीजपुरवठ्याची तार. या दोघींच्या मध्ये जमिनीचा एक मोठा तुकडा सापडतो. दोन तारांमधलं असं वेटोळं ५० चौरस मीटरचं असेल आणि १०० मीटरवर वीज पडून तिचा प्रवाह मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअर या वेगाने वाढला, तर वेटोळ्यात सुमारे हजार व्होल्ट निर्माण होतात. कॅमेऱ्याचं पोर्ट जायला तेवढे पुरतात. शेजारच्या मैदानातल्या नारळावर पडलेल्या विजेने तुमचे कॅमेरे जातात ते असे.

यावर सगळ्यात पक्का उपाय म्हणजे इमारतीबाहेर जाणारा डेटा फायबरने न्या. फायबरमध्ये धातू नसतो (मजबुतीची पोलादी तार असलेलं फायबर घेऊ नका, किंवा ती तार टोकाला अर्थिंग पट्टीला जोडा). दोन टोकांना छोटे मीडिया कन्व्हर्टर लागतात आणि त्यांचा खर्च एका वर्षाच्या जळालेल्या कॅमेऱ्यांपेक्षा कमी असतो. फायबर शक्य नसेल तर तारेच्या दोन्ही टोकांना डेटाचा सर्ज प्रोटेक्टर लावा. एकाच टोकाला लावून उपयोग नाही. आणि डेटाची तार व वीजपुरवठ्याची तार शेजारून न्या, म्हणजे वेटोळं लहान होतं.

बोअरवेलच्या केसिंगला क्लॅम्प लावून मुख्य अर्थिंगशी जोडा आणि स्टार्टरमध्ये टाइप २ बसवा. सौर पॅनेलच्या बाबतीत धन आणि ऋण तारा एकत्र बांधून न्या, सांगाडा अर्थिंगला जोडा, आणि पॅनेलपासून इन्व्हर्टर १० मीटरपेक्षा लांब असेल तर दोन्ही टोकांना डीसीसाठीच बनवलेला प्रोटेक्टर लावा. एसीचा डीसीवर लावू नये, त्यातून आग लागते. सांगाडा अरेस्टरच्या पट्टीपासून वर सांगितलेल्या अंतरावर ठेवता येत नसेल तर तो थेट पट्टीला जोडावा लागतो आणि मग त्या तारांवर टाइप १ दर्जाचं संरक्षण हवं.

गावातल्या देवळांबद्दल वेगळं लिहावंसं वाटतं, कारण तिथे माणसं एकत्र असतात. शिखर गावात सगळ्यात उंच, त्यावर धातूचा कळस, आणि कळसाजवळ भोंगे व फोकस बांधलेले. कळसापासून जमिनीपर्यंत पट्टी नसते, पण भोंग्याची तार मात्र शिखरावरून सरळ गाभाऱ्याशेजारच्या अँप्लिफायरपर्यंत आलेली असते. म्हणजे विजेला आत यायची वाट आपणच करून दिलेली असते. कळस पट्टीने जोडून दोन बाजूंनी जमिनीत न्या, भोंगे शिखरावरून काढून खाली वेगळ्या खांबावर घ्या. आणि वळवात भजन चालू असेल तर माइक बंद करा, हातात माइक धरून कुणी उभं राहू नये.

पैसे थोडे असतील तर

सोसायटीच्या सभेत सगळं एकदम मंजूर होत नाही हे माहीत आहे. तेव्हा पहिल्या वर्षी पट्टीला बांधलेल्या केबल सोडवून लांब न्या, सगळे खड्डे एकमेकांना जोडा आणि जोड दुरुस्त करा. मुख्य पॅनेलवरचा टाइप १ त्याच वर्षी जमला तर उत्तमच. पुढच्या वर्षी बाहेरच्या कॅमेऱ्यांचं फायबर आणि लिफ्टच्या पॅनेलचा प्रोटेक्टर. नवीन दांडे आणि गच्चीवरची जाळी तोपर्यंत थांबू शकते, पण कठडा फुटल्याची खूण दिसली असेल तर ती सगळ्यात आधी. नवी इमारत बांधत असाल तर बिल्डरला पाया भरायच्या आधी गाठा: खांबांतल्या सळया तळापासून गच्चीपर्यंत वेल्डिंगने किंवा क्लॅम्पने सलग ठेवल्या तर त्याच पट्ट्यांचं काम करतात आणि पायाच अर्थिंग होतो. काँक्रीट ओतल्यावर ही संधी जाते.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्या आणि अहवालात प्रत्येक खड्ड्याचा वेगळा आकडा, मोजणीची तारीख, कडी उघडून मोजलं की नाही, प्रोटेक्टरचा प्रकार आणि तारेची लांबी लिहून मागा.

आणि पैसे नसले तरी आज करता येण्यासारखं एक काम आहे. पट्टी जिथे जमिनीत उतरते तिथून ३ मीटरच्या आत वळवाच्या वेळी कुणी उभं राहू नये. वीज उतरताना तिथे पट्टीला हात लावणारा आणि नुसता दोन पाय फाकून उभा असलेला, दोघंही धोक्यात असतात. बऱ्याच सोसायट्यांत नेमकी तीच जागा दुचाकींच्या पार्किंगची, मुलांच्या खेळण्याची किंवा सुरक्षारक्षकाच्या खुर्चीची असते. खुर्ची आजच हलवा. त्या जागी १५ सेंटिमीटर जाड खडीचा थर किंवा ५ सेंटिमीटर डांबर टाका, आणि माणसाच्या हाताला येईल एवढ्या उंचीपर्यंत पट्टीवर किमान ३ मिलिमीटर जाडीचं क्रॉसलिंक पॉलिइथिलीनचं आवरण चढवून घ्या.